घोडा थोरल्याचा, ट्रेलर धाकट्याचा

वडिलांचं वर्षश्राद्ध होईपर्यंत माझे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत होते. लोक काय म्हणतील म्हणून बोलत होते, पण बोलत होते. वर्षश्राद्धाच्या पत्रावळी उचलल्या गेल्या, पाहुणे चांदवडच्या स्टँडकडे निघाले आणि ओटा पुसून त्याच ओट्यावर वाटणीची बैठक बसली. बैठकीला मामा होते, गावचे एक माजी सरपंच होते आणि दोघे भाऊ. दाराच्या आतल्या बाजूला आई, दोघी भावजया आणि मी. भावंडांत मी सगळ्यांत मोठी. पण बहिणीचं मोठेपण वाढदिवसापुरतं असतं, बैठकीत ते दाराच्या आतच बसतं.

जमीन वाटली गेली. विहिरीचं पाणी वारांनी वाटलं गेलं. घराच्या मधोमध भिंत कुठून घालायची तेही ठरलं. हे सगळं इतक्या समजूतदारपणे झालं की अशी पोरं गावात नाहीत, असं माजी सरपंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. मग गाडीचा विषय निघाला आणि समजूतदारपणा संपला.

वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे ट्रक चालवले आणि उतारवयात स्वतःची गाडी घेतली, ती थेट ट्रेलरची. ज्यांनी नीट पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. ही गाडी दोन तुकड्यांची असते. पुढे इंजिन आणि केबिन असलेला आखूड तुकडा, त्याला आमच्याकडे सगळे घोडा म्हणतात. मागे लांबलचक ट्रेलर. त्याला मागच्या बाजूला चाकं असतात, पुढच्या बाजूला नसतात. सुटा ठेवला की पुढून तो दोन लोखंडी पायांवर उभा राहतो. घोड्याच्या पाठीवर ग्रीसनं माखलेलं एक जाड ताट असतं, त्या ताटाला मागून खाच आणि खाचेत जबडा. ट्रेलरच्या पोटाखाली एक जाडजूड पिन. घोडा मागे घेत घेत ती पिन जबड्यात बसवली की गाडी एक होते. जबडा उघडला की पुन्हा दोन.

थोरला म्हणाला, गाडी मी चालवतो, मला हवी. धाकटा म्हणाला, हप्ते फेडताना वडिलांसोबत मी राबलोय, मला हवी. विकून टाका म्हटलं तर दोघेही विकायला तयार नव्हते, वडिलांची आठवण म्हणून. वडील जिवंत असताना त्यांची आठवण यांना महिना महिना येत नसे, ती आता एकदम आली होती. अंधार पडत चालला होता आणि मामांना मनमाडची गाडी गाठायची होती.

“ती गाडी सुटी व्हते ना?” मामांनी विचारलं.

होते, असं थोरला म्हणाला.

“मंग झालं की. एकाला घोडा, एकाला ट्रेलर.”

कुणी हसलं नाही. उलट सगळ्यांच्या चेहऱ्यावर न्याय झाल्याचं समाधान पसरलं. घोड्याचे कागद वेगळे होते, ट्रेलरचे वेगळे, दोघांना नंबरही वेगवेगळे. म्हणजे कायद्याचीही हरकत नव्हती. थोरल्याकडे लायसन म्हणून त्याला घोडा. उरलं ते धाकट्याला. मामांनी एक चालती गाडी दोन न चालणाऱ्या वस्तूंमध्ये वाटून दिली आणि चहा मागितला.

आई कुणाकडे राहणार, यावर मामा म्हणाले, ते बघू नंतर. ते नंतर माझ्या घरी आलं आणि अजून माझ्याच घरी आहे. मी हक्कसोड करून द्यायची का, हे मला कुणी विचारलं नाही. तहसीलला कोणत्या दिवशी जमेल, तेवढं विचारलं. बदल्यात मला एक साडी मिळाली. मोरपंखी. त्या रंगाची माझ्याकडे आधीच एक होती, तीही याच दोघांनी भाऊबीजेला दिलेली.

दोघे भाऊ तोवर नाशकात राहायला आले होते. थोरला पाथर्डी फाट्याकडे, धाकटा सिडकोत. मी अंबडला. तिथल्याच एका कारखान्यात मी तपासणी विभागात काम करते. तयार झालेला सुटा भाग मापात घालून बघायचा, बसला तर हिरव्या ट्रेमध्ये, नाही बसला तर लाल. अनेक वर्षं हेच केल्यामुळे घरीही माझा स्वभाव तसाच झालाय, असं माझा नवरा म्हणतो. तो कोणत्या ट्रेमध्ये आहे, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

वाटणीनंतर थोरल्यानं घोडा दिमाखात नेऊन आपल्या घरासमोर लावला. ट्रेलरशिवाय घोडा रस्त्यावरून जाताना फार विचित्र दिसतो, अर्धं वाक्य बोलून गप्प बसलेल्या माणसासारखा. धाकट्यानं ट्रेलर माझ्या कॉलनीशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर आणून पायांवर उभा केला. प्लॉटचा मालक परदेशात असल्यामुळे त्याची काही तक्रार नव्हती. मग दोघांनी दोन दिशांनी नशीब आजमावलं. थोरल्यानं एका ओळखीच्याचा ट्रेलर जोडायला घेतला, तर त्याची पिन जाड निघाली, जबड्यात मावेना. धाकट्यानं दुसऱ्याचा घोडा भाड्यानं लावला. तो मुंबईच्या बंदराला जाऊन व्यवस्थित परत आला, फक्त ट्रेलरचे चांगले टायर वाटेत कुठेतरी जुने होऊन आले. त्यानंतर दोघेही आईला भेटायला म्हणून माझ्याकडे यायला लागले. वेगवेगळ्या दिवशी. आईशेजारी बसून चहा प्यायचे आणि जाताना दारात चप्पल घालता घालता म्हणायचे, त्याला विचारून बघ बरं.

म्हणून मी याला विचारलं, त्याला विचारलं. दोघांनाही एकमेकांची गरज होती आणि दोघांनाही ती कबूल करायची नव्हती. शेवटी ठरलं असं की माल न्यायचा असेल तेव्हा घोडा प्लॉटवर येईल, ट्रेलरला जोडला जाईल, थोरला चालवेल, आणि परत आल्यावर प्लॉटवरच ट्रेलर सोडून घोडा आपल्या घरी जाईल.

इथं ट्रकवाला कुणीही कपाळाला हात लावेल. गाडी जोडलेलीच ठेवली असती तर काही बिघडत नव्हतं. दर खेपेला सोडायची आणि पुन्हा जोडायची, याला कारणच नव्हतं. कारण एवढंच की थोरल्याच्या दारात धाकट्याची वस्तू रात्रभर राहणं धाकट्याला मंजूर नव्हतं, आणि आपला घोडा धाकट्याच्या ताब्यातल्या जागेवर राहणं थोरल्याला. प्लॉट दोघांचाही नव्हता, हा भाग वेगळा.

पहिल्या दिवशी मी भाजी घेऊन येत होते. थोरला केबिनमध्ये, धाकटा ट्रेलरपाशी हाताची घडी घालून उभा. थोरला मागे घेत होता आणि घोडा सरळ न येता तिरका येत होता. ट्रेलरच्या एका पायाला घोड्याचं मागचं चाक घासणार, हे धाकट्याला स्वच्छ दिसत होतं. तो बघत होता. चेहऱ्यावर एक प्रकारची शांती होती. मी पिशवी टाकून ओरडले तेव्हा थोरल्यानं ब्रेक मारला. मग खिडकीतून मान काढून मला म्हणाला, “ताई, आता इथंच थांब जरा.”

ते जरा पुढे वर्षभर चाललं.

पहिलं काम धाकट्याचं असायचं. ट्रेलरच्या चाकांना पुढून मागून लाकडाच्या उटी लावायच्या, म्हणजे घोड्याचा धक्का बसला तरी ट्रेलर जागचा हलत नाही. थोरला केबिनमधून म्हणायचा, उटी लावल्या का विचार त्याला. धाकटा तिथंच उटीशी वाकलेला असायचा. तो सगळं ऐकायचा, उभा राहायचा, हात झटकायचा आणि मला म्हणायचा, “डोळं असतील तर दिसतील म्हणावं.” मी वर बघून सांगायची, लावल्या. निरोपातला मुद्दा तेवढा मी ठेवायची आणि बाकीचं गाळून टाकायची. गाळलेलंही समोरच्याला ऐकू गेलेलं असायचंच, पण बहीण बोललेली नाही म्हणून ते न ऐकल्यासारखं धरायचं, असा एक नियम आपोआप तयार झाला होता.

मग उंची. ट्रेलर घोड्यावरच्या ताटापेक्षा किंचित खाली हवा. घोडा मागे येताना त्याला स्वतःवर उचलून घेतो आणि पिन बरोबर जबड्यात जाते. ट्रेलर जास्त उंच राहिला तर पिन जबड्याच्या वरूनच सरकून जाते. लांबून बघणाऱ्याला वाटतं जोडलं गेलं, आणि जोडलेलं काहीच नसतं. उंची कमीजास्त करायला ट्रेलरच्या पायांना एक हँडल असतं, ते धाकटा फिरवायचा. थोरला म्हणायचा, खाली घ्यायला सांग. धाकटा म्हणायचा, खालीच आहे सांग. मग मी स्वतः जाऊन वाकून बघायची आणि दोघांपैकी एकाचं बरोबर आहे असं न म्हणता आकडा सांगावा तसं सांगायची, दोन बोटं खाली.

घोडा आणि ट्रेलर यांच्यामध्ये कधीही उभं राहायचं नाही, हे वडिलांनी गाडी घेतली तेव्हाच घरातल्या प्रत्येकाला दम देऊन सांगितलं होतं. म्हणून मी बाजूला, आरशात दिसेन अशी उभी राहायची. दोन भावांच्या मध्ये उभं राहू नये, हे सांगायचं मात्र ते विसरले.

पिन बसली की खट् असा आवाज येतो. त्या आवाजावर थोरला लगेच खूश व्हायचा आणि निघायला बघायचा. पण त्या आवाजावर भरवसा ठेवायचा नसतो. हवेचे पाइप आधी जोडून ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवायचे, आणि मग हलक्या गिअरमध्ये घोडा जरासा पुढे ओढून बघायचा. सुटला नाही तर बरं. त्यानंतर बॅटरी घेऊन खाली वाकायचं. ताट आणि ट्रेलर यांच्यात फट दिसता कामा नये आणि जबडा पिनेभोवती पुरता मिटलेला दिसला पाहिजे. मग दिव्यांची वायर जोडायची, मग ट्रेलरचे पाय वर, आणि उटी सर्वांत शेवटी काढायच्या. वाकून बघायचं काम माझ्याकडे आलं. धाकट्यानं बघून बसली म्हटलं तर थोरला विश्वास ठेवणार नाही, आणि थोरला बघायला खाली उतरला तर धाकट्याला तो अपमान वाटणार. त्यामुळे रविवारी सकाळी, पदर खोचून, हातात बॅटरी घेऊन मी एका ट्रेलरच्या पोटाखाली वाकलेली, आणि दोन धडधाकट पुरुष दोन टोकांना पाठ फिरवून उभे, असं दृश्य आमच्या कॉलनीनं बरंच पाहिलं. समोरच्या इमारतीतल्या गॅलऱ्यांतून लोक चहाचे कप घेऊन बघायचे. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्यानं तर एक बाकडं प्लॉटच्या बाजूला वळवून ठेवलं.

रक्षाबंधनाला एक सकाळी आला, एक दुपारी. दोघी भावजया मात्र रोज फोनवर बोलत होत्या. कुणी काय भाजी केली, कुणाचं पोर काय म्हणालं, सगळं एकमेकींना माहीत होतं. मी एकदा थोरल्या वहिनीला विचारलं, तुम्ही तरी यांना काही सांगत का नाही. तर त्या म्हणाल्या, कशाला ताई, ते बोलायला लागले की आम्हाला भांडायला लागेल.

मग ती उन्हाळ्यातली दुपार आली.

आदल्या दिवशी लासलगावहून कांद्याचा कंटेनर भरून आणला होता. तो तसाच पुढे बंदराकडे गेला असता तर काही प्रश्न नव्हता. पण थोरल्याला रात्री घरी झोपायचं होतं, आणि घरी जायचं तर ट्रेलर सोडून जायचं, हा तर नियमच. भरलेला ट्रेलर प्लॉटवर पायांवर उभा केला. आधी एकदा भरल्या ट्रेलरचे पाय मातीत रुतले होते, तेव्हा थोरल्यानं माझ्यामार्फत धाकट्याची अक्कल काढली होती. म्हणून या वेळी धाकट्यानं पायांखाली जाड फळ्या घातल्या आणि रुतायला जागा हवी म्हणून हँडल मारून ट्रेलर चांगला उंच करून ठेवला. फळ्यांमुळे तो रुतला नाही. उंचच राहिला.

दुसऱ्या दिवशी माझी पहिली पाळी होती. कारखान्यात आत जाताना फोन कपाटात ठेवावा लागतो. हे दोघांनाही माहीत होतं. तरी त्यांनी गाडी दुपारीच जोडायला घेतली, कारण कंटेनर बंदरावर वेळेत पोचायला हवा होता आणि माझी पाळी सुटेपर्यंत थांबायला सवड नव्हती.

पुढचं मला नंतर टपरीवाल्यानं सांगितलं, कारण तो सगळं बाकड्यावर बसून बघत होता. थोरल्यानं घोडा सरळ मागे घेतला. काहीतरी खट् वाजलं. ओढून बघायला हवं होतं, ते त्यानं बघितलं नाही, कारण ओढू का असं विचारायला कुणी नव्हतं. धाकट्यानं पाइप जोडले, पाय वर घेतले, उटी काढल्या. ट्रेलर घोड्याच्या पाठीवर टेकलेला होता, त्यामुळे पाय वर गेल्यावरही तो पडला नाही. हे सगळं उरकल्यावर त्याला वाकून बघायचं सुचलं. बघतो तर मधे फट, आणि पिन जबड्याच्या बाहेर, वरच्या वर.

थोरला केबिनमध्ये बसला होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. दारावर थाप मारता आली असती. समोर जाऊन हात हलवता आला असता. धाकट्यानं खिशातून फोन काढला आणि मला लावला.

थोरल्याला आरशात दिसलं की धाकटा बाजूला होऊन फोनवर बोलतोय. म्हणजे काम झालं असणार. तरी खात्री करून घ्यावी म्हणून त्यानंही फोन काढला आणि मलाच लावला. दोघांचे फोन माझ्या कपाटात, डब्याच्या पिशवीत, वाजत राहिले. मी आत माप घेऊन सुटे भाग बघत होते. थोडा वेळ वाट बघून थोरल्यानं गाडी गिअरमध्ये टाकली.

घोडा प्लॉटच्या उतारावरून रस्त्यावर आला, ट्रेलरही त्याच्या पाठीवर बसून रस्त्यापर्यंत आला, आणि तिथं वळताना घोडा पुढे निघून गेला. मोठा आवाज झाला. पाइप तटातटा तुटले, ट्रेलरचे ब्रेक लागले, आणि कांद्यानं भरलेला कंटेनर घेऊन ट्रेलर नाकावर आपटला, तोही नेमका रस्त्याच्या आडवा. कुणाला काही लागलं नाही. त्यात दोघांच्या शहाणपणाचा काही हात नव्हता. धाकटा बाजूला उभा होता तो फोनला रेंज नीट मिळावी म्हणून.

आमच्या कारखान्याचा हाच रस्ता. पाळी सुटली, आम्ही बाहेर आलो, तर कंपनीच्या बसा गेटापासून रांगेत अडकलेल्या. हॉर्न वाजत होते. बायका उतरून पुढे बघायला चालल्या होत्या. माझ्याबरोबरची एक म्हणाली, कुणाचं हे ध्यान रस्त्यात पडलंय कुणास ठाऊक.  थोडं पुढे गेल्यावर मला नंबर दिसला, आणि त्याच्याही पुढे दोन ओळखीच्या पाठी.

तिथं एक वाहतूक पोलीस आला होता. तो घामानं निथळत होता आणि त्याला साधी गोष्ट कळून घ्यायची होती, गाडी कुणाची. थोरला म्हणत होता, घोडा माझा, पण पडलाय तो माझा नाही. धाकटा म्हणत होता, ट्रेलर माझा, पण चालवत मी नव्हतो. पोलिसानं विचारलं, तुम्ही एकमेकांचे कोण. यावर दोघांनीही तोंडं फिरवली. मी दिसल्याबरोबर दोघांचेही चेहरे उजळले. चोरी पकडली गेल्यावर वकील दिसावा तसे.

“ताई, त्याला विचार,” थोरला म्हणाला, “दिसत होतं तर बोलला का नाही.”

“ताई, त्याला सांग, मी फोन लावत होतो.”

“कुणाला?” मी विचारलं.

“तुला.”

मी थोरल्याकडे बघितलं. त्यानं मान दुसरीकडे वळवली. “आणि तू कुणाला?”

तोही म्हणाला, तुला.

पोलीस आधी माझ्याकडे बघत राहिला, मग त्या दोघांकडे. मग त्यानं टोपी काढून डोकं पुसलं आणि मला विचारलं की बाई, यांच्यातला मुका कोण. दोघांनाही बोलता येतं, असं मी सांगितलं. मला त्या क्षणी राग आला असेल असं आता वाटतं, पण तेव्हा राग नव्हता. तेव्हा मला एकदम फार दमल्यासारखं झालं. मागे बसमध्ये आमच्या पाळीच्या बायका घरी जायला खोळंबल्या होत्या, कुणाचं पोर पाळणाघरात, कुणाला पुढे घरकामाला जायचं. आणि हे दोन बाप्ये, केस पिकायला लागलेले, लहान पोरांसारखे माझ्या तोंडाकडे बघत होते.

तेवढ्यात क्रेन आली. क्रेनवाला खाली उतरला, ट्रेलरभोवती फेरी मारून आला आणि म्हणाला, नाक उचलून धरतो, तेवढ्यात घोडा मागे घेत नाकाखाली सरकवा. इशारा कोण देणार? एकच माणूस पाहिजे, दहा नकोत. ओझं टांगलेलं असताना कुणी चुकलं तर चेंगरेल.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. थोरला केबिनकडे वळत म्हणालाही, ताई देईल की.

“मी घरी चालले,” मी म्हटलं. “माझा फोन कपाटात असतो. तुम्ही इथं असता.”

एवढंच म्हटलं. खांद्यावरची पिशवी सारखी केली आणि रस्त्याच्या कडेनं चालायला लागले. मागून धाकट्यानं हाक मारली, मी वळले नाही. थोरल्यानंही मारली. क्रेनवाला ओरडला की लवकर ठरवा, मला दुसरीकडे जायचंय. मग थोडा वेळ फक्त क्रेनच्या इंजिनाचा आवाज आला, साखळी ताणली गेल्याचा आवाज आला, घोडा चालू झाल्याचा. आणि मग, मी कोपऱ्यापर्यंत पोचले असेन, धाकट्याचा आवाज आला. त्यानं थोरल्याला थांब म्हटलं होतं. नुसतं थांब नव्हे, त्याच्यामागे आईवरून एक शिवी होती. तिला लगेच उत्तर आलं, तेही आईवरूनच. आई दोघांची एकच आहे, हे त्या भरात दोघांच्याही लक्षात आलं नाही. वाटणीनंतर माझे भाऊ एकमेकांशी बोलले ते पहिले शब्द हे.

पण घोडा थांबला. मग डावीकडं घे असं ऐकू आलं, मग अजून, अजून, बास. प्रत्येक शब्दाला एक शिवी जोडलेली होती आणि प्रत्येक शिवीला घोडा बरोबर तेवढाच सरकत होता. टपरीवाला मला नंतर म्हणाला, एवढी सफाईदार जोडणी त्या प्लॉटवर आधी झाली नव्हती.

घरी आई खाटेवर बसून मेथी निवडत होती. तिला बातमी आधीच कळली होती. आमच्या कॉलनीत बातमी क्रेनच्या आधी पोचते. तिनं कुणाला लागलं का विचारलं. नाही म्हटलं. मग तिनं काड्या बाजूला केल्या.

“बोलले का रं ते?” तिनं विचारलं. मी मुलगी असले तरी मला ती ‘रं’च म्हणते.

“बोलले.”

“काय बोलले?”

“तुझं नाव काढलं,” मी म्हटलं. “दोघांनीही.”

तिला बरं वाटलं. मला वाटलंच होतं, असं म्हणाली, आणि मेथीची जुडी बाजूला ठेवून डोळे पुसले. मी आत जाऊन कुकर लावला. आजतागायत मी ते दुरुस्त केलेलं नाही, आणि करणारही नाही.

पुढे मामा पुन्हा एकदा आले होते. घोड्याचं काय, ट्रेलरचं काय, नुकसान कुणी सोसायचं, हे ठरवायला. या वेळी बैठक माझ्या घरात होती, त्यामुळे दाराच्या आत-बाहेर असा प्रश्न नव्हता. मामांनी घसा साफ केला आणि म्हणाले की झालं गेलं विसरून दोघांनी एकत्र यावं. मी चहा पुढे केला आणि विचारलं की मामा, एकत्र असलेली गाडी सुटी कुणी केली होती. मामांनी चहा बशीत ओतला आणि तो निवेपर्यंत फुंकत बसले. भावजयांनी एकमेकींकडे बघितलं. बैठक फार वेळ चालली नाही. कांदा बंदरावर उशिरा पोचला होता, त्याचं काय ते दोघांनी निम्मं निम्मं सोसलं, कारण दुसरा काही मार्गच नव्हता.

आता ते बोलतात. घरात नाही, लग्नकार्यात नाही, आईसमोर नाही. प्लॉटवर बोलतात. घोडा रस्त्यावरून आत आला की बोलणं सुरू होतं आणि घोडा बाहेर पडला की संपतं. उटी लावल्या का, थोरला थेट विचारतो. लावल्या, धाकटा थेट सांगतो. उंची किती, दोन बोटं खाली. ओढून बघ. बघितलं. मग धाकटा बॅटरी घेऊन खाली वाकतो, बघतो आणि म्हणतो, बसली. त्याच्यावर थोरल्याचा विश्वास नाही, म्हणून तो केबिनमधून उतरतो आणि स्वतः वाकून बघतो. थोरल्यावर धाकट्याचा विश्वास नाही, म्हणून तो गेल्यावर धाकटा पुन्हा एकदा बघतो, कुठं काही हलवलं तर नाही ना. त्यामुळे सध्या सबंध अंबडमध्ये माझ्या भावांच्या गाडीइतकी तपासून जोडलेली गाडी दुसरी नसेल.

परत आल्यावर ती सोडतातच. तेवढं काही बदललेलं नाही. मी एकदा धाकट्याला म्हटलं, आता बोलताय तर जोडलेलीच का ठेवत नाही. तो म्हणाला, “ताई, सोडली नाय तर उद्या जोडायला भेटणार कधी?” म्हणून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. लगेच म्हणाला, म्हणजे उटी वगैरे बघायला, टायर बघायला. मी बरं म्हटलं.

माझे रविवार मोकळे झाले. सकाळी खिडकी उघडली की प्लॉटवरून दोघांचे आवाज येतात, डावीकडं, अजून, बास, आणि मधूनच एखादी शिवी. आई पलीकडच्या खोलीतून विचारते, काय म्हणताहेत. काही नाही, मी सांगते, काम चाललंय. मग ती उठते, ओट्याशी जाते आणि तीन माणसांचा चहा असताना पाच कप आधण ठेवते. पिणारे येत नाहीत. मी आणि माझा नवरा दोन दोन कप पितो.